तुम्ही विचारलेत म्हणून: परगावच्या मुलांना कँडी कशासाठी?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा आमच्या मराठी मंडळातलेच, सणावाराला दहा पाने सहज वाढणारे लोक असतात. ‘हॅलोविनच्या संध्याकाळी तुमच्या रस्त्यावर गाड्या भरभरून बाहेरची मुले येतात, ती आपल्या टाऊनशिपमधली नाहीत हे तुम्हालाही दिसते, मग त्यांना आपल्या मुलांइतकीच कँडी तुम्ही का देता?’ असा तो प्रश्न. (हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा इथला, अमेरिकेतला सण; त्या संध्याकाळी मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात. आणि टाऊनशिप म्हणजे इथे घरांचा प्रकल्प नव्हे, तर स्वतःची हद्द आणि कर असलेले गाव.) आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलत आले आहे. पण आता तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा रस्ता मध्य न्यू जर्सीतल्या एका जुन्या टाऊनशिपमध्ये आहे. घरे शंभरएक वर्षांपूर्वीची आणि एकमेकांना लगटून उभी, दोन्ही बाजूंना पदपथ, रस्त्यावर पुरेसे दिवे, आणि प्रत्येक घराचे दार पदपथापासून दहा-पंधरा पावलांवर. हॅलोविनसाठी मुद्दाम आखला असता तरी तो याहून सोयीचा झाला नसता. रस्त्याच्या टोकाचा राज्य महामार्ग ओलांडला की दुसरी टाऊनशिप सुरू होते. तिथे अपार्टमेंटचे मोठे कॉम्प्लेक्स आहेत, गोदामे आहेत, मोटेल आहेत, आणि पदपथ जवळजवळ नाहीत. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाच्या सुमारास तिकडच्या गाड्या आमच्या बाजूच्या गल्ल्यांत उभ्या राहू लागतात, आणि भुते, चेटकिणी, अंतराळवीर व राजकन्या आठ वाजेपर्यंत आमच्या पायऱ्या चढत-उतरत असतात.

‘बाहेरची’ मुले ओळखायची कशी, हे मी विचारणाऱ्यांना उलट विचारले आहे. उत्तर देताना लोक थोडे घुटमळतात, कारण मुखवटा घातलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा पत्ता कुणालाच दिसत नसतो. दिसते ती मागे उभ्या असलेल्या आईची कातडी, ऐकू येते तिचे स्पॅनिश, आणि नजरेत भरते ती पोचे पडलेली गाडी. आमच्या मागच्याच रस्त्यावर स्पॅनिश बोलणारे एक कुटुंब आमच्याही आधीपासून राहते, आणि त्यांच्या मुली दरवर्षी ‘बाहेरच्या’ म्हणून मोजल्या जातात. हाच निकष लावायचा ठरवला, तर दोन टाऊनशिप पलीकडे आपलीही मुले बाहेरची ठरतील, याचा विसर आपल्याला इतक्या लवकर पडावा याचे मला नवल वाटते.

सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा कराचा असतो. न्यू जर्सीतला मालमत्ता कर साऱ्या देशात सर्वाधिक आहे. २०२३ साली एका घरामागची राज्याची सरासरी ९,८०० डॉलरच्या घरात होती, आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांकडे जातो. एवढा कर भरणाऱ्याला आपल्या गावाच्या हद्दीविषयी हळवेपणा वाटावा हे मी समजू शकते. मात्र त्या कराच्या बदल्यात शाळा, कचरागाडी आणि बर्फ उपसणारी यंत्रे मिळतात. कँडी मी माझ्या पैशाने आणते. मुलाला शाळेत घालताना भाडेकरार आणि विजेचे बिल दाखवावे लागते, ते योग्यही असेल, पण तशी कागदपत्रे तपासणारी खिडकी मी माझ्या व्हरांड्यात का उघडावी, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही. हे गाऱ्हाणे केवळ आपल्या लोकांचे आहे असेही नाही. २०१४ साली एका अमेरिकी सल्लासदरात श्रीमंत वस्तीतल्या कुणी तरी नेमके हेच लिहिले होते, आणि सल्ला देणारीने त्या व्यक्तीला चांगलेच फैलावर घेतले होते.

या सणाचा आमच्याकडे प्रचलित असलेला नियम एकच आहे: व्हरांड्यातला दिवा चालू असेल तर यावे, बंद असेल तर पुढे जावे. येणाऱ्याने पत्ता सांगावा अशी अट त्यात नाही, आणि न देणाऱ्याने सबब सांगावी अशीही नाही. २०१२ साली सँडी वादळ हॅलोविनच्या दोनच दिवस आधी किनाऱ्यावर आदळले, तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी अधिकृत आदेश काढून हा सण ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. राज्यातल्या असंख्य घरांत तेव्हाही वीज आलेली नव्हती. ज्या रस्त्यांवर वीज होती, तिथे ज्यांच्याकडे नव्हती ती मुले गेली. त्या संध्याकाळी हद्दीची चौकशी करण्याचे कुणाला सुचले नाही.

आता ही मुले आमच्याकडेच का येतात, याविषयी. ‘इकडे चॉकलेटचे मोठे बार मिळतात म्हणून’ असे म्हटले जाते, आणि कोणत्याही मुलासाठी तेवढे कारण पुरेसे आहे हे मान्य. पण गाडी मूल चालवत नाही, आईबाप चालवतात, आणि त्यांचा हिशेब वेगळा असतो. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या काळातल्या रस्ते अपघातांच्या नोंदी तपासून वैद्यक संशोधकांनी असे दाखवून दिले आहे की हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूंचे प्रमाण आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या त्याच वाराच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असते, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना असलेला धोका तर सुमारे दहा पटींनी वाढतो. पदपथ नसलेल्या, ताशी पन्नास मैलांनी गाड्या धावणाऱ्या रस्त्याकडेला राहणाऱ्या आईने अशा संध्याकाळी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला काळा झगा घालून कुठे न्यावे? त्यात अपार्टमेंटची बाहेरची दारे कुलूपबंद, आणि मजल्यावरच्या दारांपैकी निम्मी उघडतच नाहीत, कारण आतली माणसे रात्रपाळीला गेलेली असतात. ही आई मुलाला घेऊन आमच्या रस्त्यावर येते, यात मला हावरेपणा दिसत नाही.

आणि हे मला कुणाकडून ऐकून कळलेले नाही. आमचा मुलगा लहान असताना आम्हीही महामार्गालगतच्या अशाच एका कॉम्प्लेक्समध्ये राहत होतो. हॅलोविन म्हणजे काय, हे आम्हाला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने समजावले आणि ‘मुलाला घेऊन अमुक रस्त्यावर जा, तिथे मजा येते’ असे सांगितले. तो रस्ता दुसऱ्या टाऊनशिपमध्ये होता आणि आम्ही पुढची काही वर्षे नेमाने तिथेच गेलो. आता मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण एच-वन व्हिसावर येऊन आधी अशाच भाड्याच्या घरांत राहिले आहेत, आणि त्यांचीही मुले कुणाच्या ना कुणाच्या रस्त्यावर गाडीने गेलेली आहेत. घराचे कर्ज मंजूर झाले की माणसाची स्मृती निवडक होते, असे माझे निरीक्षण आहे.

हद्दीचा प्रश्न निघालाच आहे, तर या राज्यात हद्दी कशा वापरल्या गेल्या हेही लक्षात ठेवले पाहिजे. दक्षिण न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल या टाऊनशिपमध्ये काही कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्यासारख्यांना परवडतील अशी ३६ घरे बांधण्याची परवानगी मागितली आणि टाऊनशिपने ती नाकारली. एथेल लॉरेन्स या तिथल्याच रहिवासी स्त्रीच्या पुढाकाराने प्रकरण न्यायालयात गेले. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जमीनवापराचे नियम रचून कमी उत्पन्नाच्या लोकांना गावाबाहेर ठेवण्याचा अधिकार टाऊनशिपला नाही. १९८३ साली तोच निकाल अधिक कडक शब्दांत पुन्हा द्यावा लागला. प्रत्यक्ष घरे उभी राहून त्यांत माणसे राहायला येईपर्यंत २००० साल उजाडले, आणि एथेल लॉरेन्स त्याआधीच, १९९४ साली वारल्या होत्या. घरांचे भाव पडतील, गुन्हे वाढतील, कर चढतील, या भीतीपोटी इतका विरोध झाला होता. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या तशाच गावांशी तुलना करून पाहिली, तेव्हा यांपैकी काहीही घडलेले आढळले नाही. तेव्हा महामार्गापलीकडची मुले ‘आपल्या गावची नाहीत’ असे म्हणताना, ती तशी का नाहीत या प्रश्नाचा काही भाग आपल्या बाजूच्या नियमांतही शोधावा लागतो. एक एकराचा प्लॉट असल्याशिवाय घर बांधू नये असा नियम जिथे असतो, तिथल्या दारावर मुले कमीच येतात, आणि जी येतात ती गाडीतूनच येतात.

माझ्या बोलण्यात शिमगा आला की मंडळातले लोक हसतात, पण मला ती आठवण टाळता येत नाही. माझे बालपण गुहागर तालुक्यातले. होळीच्या आधी आमच्या अंगणात खेळे, म्हणजे सोंगे घेऊन नाचणारे लोक, येत, ते नेहमी दुसऱ्या गावचे. त्यांच्यात काळ्या वेशातला, लांब दाढीचा संकासूर असे, त्याला पाहून आम्ही आजीच्या पाठीमागे लपत असू, आणि गोमूचा नाच झाला की आजी नारळ, तांदूळ आणि पैसे घालत असे. सोंग घेऊन दारात आलेला माणूस परगावचा असायचा, हीच रीत होती. इंग्लंडातही मध्ययुगात सर्व मृतात्म्यांच्या दिवसाच्या सुमारास गरीब लोक दारोदार जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात छोटे केक घेत. अमेरिकेतल्या रिवाजाचा उगम मात्र इतका सोज्वळ नाही. गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या रात्री पोरे कुंपणे उखडत आणि खिडक्या फोडत असत, आणि त्यांना आवरण्यासाठी गावोगावच्या लोकांनी खाऊचा मार्ग काढला. म्हणजे तो व्यवहार खंडणीच्या जवळचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साखरेचे रेशनिंग होते तेव्हा तो थंडावला आणि १९५० च्या दशकात उपनगरांबरोबर फोफावला. ‘हा सण शेजाऱ्यांचा’ ही समजूत त्या उपनगरांतली आहे, फार पुरातन नाही.

अनोळखी माणसांची भीती दोन्ही बाजूंनी सांगितली जाते. कँडीत विष किंवा ब्लेड घालणाऱ्या परक्यांच्या बातम्या डेलावेर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट अनेक दशके तपासत आले आहेत, आणि परक्याने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचा एकही सिद्ध झालेला प्रकार त्यांना सापडलेला नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मूल खरोखर विषारी कँडीने मेले, पण ती त्याच्या बापानेच विम्याच्या पैशासाठी दिली होती.

मोठ्या वयाच्या मुलांविषयीची तक्रार त्याहून सामान्य आहे. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्यांनी कँडी मागत फिरणे हा चक्क तुरुंगवासास पात्र गुन्हा होता. २०१९ साली त्यांनी मर्यादा चौदावर नेली आणि तुरुंगाची तरतूद काढून टाकली. मी वय विचारत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा शनिवारच्या रात्री गोळ्या मागत फिरत असेल, तर तो निदान त्या वेळेत दुसरे काही करत नाही. बोलत नसलेल्या मुलाकडून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे खाऊ मागण्याचे ठरलेले शब्द वदवून घेण्याचा आग्रहही मी धरत नाही; सगळ्याच मुलांना बोलता येते असे नाही.

तुमच्या आक्षेपांपैकी एक मात्र मला पूर्ण मान्य आहे, तो म्हणजे भाराचा. दोन-अडीचशे मुले एका दारावर येतात, आणि २०२४ साली कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेल्यापासून चॉकलेटच्या पिशव्या लहान झाल्या आहेत आणि किमती वाढल्या आहेत. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शेजाऱ्यांनी हा खर्च का सोसावा, हे विचारणे रास्त आहे. तो वाटून घेता येतो. ज्या रस्त्यांवर मुले फिरकतच नाहीत, तिथल्या लोकांनी गर्दीच्या रस्त्याला पिशव्या पोचवाव्यात. स्थानिक मुलांच्या मनगटाला पट्ट्या बांधण्याची सूचना गेल्या वर्षी आली होती, त्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि दारात उभ्या असलेल्या कुठल्याही मुलाला मनगट दाखवावे लागत नाही.

म्हणून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून आमच्या गॅरेजमध्ये एक मोठे खोके ठेवलेले असेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्यात एखादी पिशवी टाकावी, ज्यांना पटत नाही त्यांनी त्या संध्याकाळी खुशाल दिवा बंद ठेवावा; मी त्याचा उल्लेख दिवाळीच्या फराळाला करणार नाही. पाकिटे कारखान्यातून बंद होऊन आलेली असावीत, आणि निदान काही पाकिटे शेंगदाणे नसलेली असावीत, कारण अ‍ॅलर्जी असलेली मुले दारातला मोरपंखी रंगाचा भोपळा, म्हणजे त्यांना चालेल असे काही इथे मिळते याची खूण, शोधत येतात आणि आम्ही तो २०१४ पासून, म्हणजे ती मोहीम देशभर सुरू झाली तेव्हापासून, ठेवत आलो आहोत. घरी वळलेले लाडू मात्र कृपया आणू नयेत. ते कितीही सुरेख झाले असले, तरी अनोळखी घरातून आलेला उघडा खाऊ आईबाप घरी गेल्यावर टाकून देतात, आणि साजूक तुपाचे लाडू कचऱ्यात गेलेले मला बघवणार नाहीत.