आमची वाटचाल: उलट्या पत्तीपासून पुढे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या मोटरसायकलच्या चेन-स्प्रॉकेटच्या दुकानाचं शटर पहिल्यांदा उघडलं तेव्हा यामाहाची आरएक्स १०० बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती. १९९६ साली कंपनीने ती थांबवली, पण कोल्हापूरकरांचा नाद काही थांबला नव्हता. कुणीतरी मडगार्ड उतरवून, चिखलात पकड घेणारे जाड गुट्ट्यांचे बटण टायर चढवून डर्ट रेससाठी गाडी घेऊन यायचंच. चेनच्या बाबतीत मी तेव्हा अगदी अडाणी. ४२८ नंबर (चेनचं माप) मागितला की ४२८ द्यायची, दोन टोकं जोडणारं लॉक मारायचं, पैसे घ्यायचे.

एका पावसाळी रेसला आम्ही चेन चढवलेली एक गाडी दुसऱ्याच फेरीत थांबली. चेनलॉकची पत्ती उडाली होती. सुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकापाशी गोळा झाली आणि इंजिनच्या डाव्या बाजूची केसिंग फोडून गेली. पत्ती मीच बसवलेली, आणि उलटी. तिचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं; उघडं टोक पुढे राहिलं तर दगड-चिखल अडकून ती निसटते. गाडी चालवणारा पोरगा गप्प होता. त्याचे वडील एवढंच म्हणाले, "अण्णा, एवढीशी पत्ती हो." नवी केसिंग मी पदरचे पैसे घालून बसवून दिली. फुटकी अजून काउंटरमागे टांगलेली आहे.

त्यानंतर काउंटरवर एक स्टीलची पट्टी आली. ४२८ ची पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, १२.७ मिमी, म्हणजे नवी चेन ताठ धरून वीस पिच मोजल्या तर २५४ मिमी भरतात. आमच्याकडे २५८ भरले की सेट बदलायला सांगतो. रॉयल एन्फिल्ड हिमालयनची ५२० चेन असेल तर नव्याला ३१७.५. गिऱ्हाइकाचं ठरलेलं म्हणणं, "चेन ताणलीय, दोन कड्या काढा की." अहो, पोलाद असं ताणत नाही. पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी फट पडते. कड्या काढल्या तर चेन आखूड होईल, वाढलेली पिच तशीच राहील आणि स्प्रॉकेटचे दात खात बसेल. म्हणून नुसती चेन विकणं आम्ही बंद केलं. पुढचं-मागचं स्प्रॉकेट धरून पूर्ण सेटच देतो. यात काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. गेली तर गेली.

२०१६ ला हिमालयन आणि २०१९ ला हीरोची एक्सपल्स आली, तसं गिऱ्हाईक बदललं. रेसवाले कमी, शनिवारी गगनबावडा-राधानगरी करून सोमवारी ऑफिसला जाणारे जास्त. त्यांना मी ओ-रिंगची चेनच देतो. पिन आणि बुशमधलं ग्रीस रबरी रिंगांनी आत कोंडलेलं असतं, त्यामुळे चिखल आत शिरत नाही. साधी चेन हलकी आणि मोकळी फिरते, पण ती दर रेसनंतर चेनपाशी बसणाऱ्याची. ओ-रिंगचीही लोक वाट लावतात: पेट्रोल आणि तारेचा ब्रश! रबर गेलं की महागाची चेन साधीपेक्षा वाईट. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, फडक्याने कोरडी पुसायची आणि ल्यूब खालच्या पदराला आतल्या बाजूने. मग रात्रभर गाडी उभी. निघायच्या तोंडावर मारलेलं ल्यूब निम्मं रिमवर उडतं.

सगळ्यात जास्त वाद ढिलाईवरून होतात. लटकती चेन बघवत नाही म्हणून लोक ती तारेसारखी ओढून घेतात. एक्सपल्सचं मागचं चाक १७० मिमी वर-खाली होतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याची) पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर घट्ट वाटणारी चेन खड्ड्यात गेल्यावर गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढते. शिरोळकडची काळी माती तर स्प्रॉकेटच्या दातांत ठासून बसते आणि चेन आणखी आवळते. म्हणून आम्ही ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवतो आणि शेवटी गाडीवर माणूस बसवून पुन्हा बघतो. बहुतेक वेळा आमचे मिस्त्रीच बसतात, वजनाला भारी आहेत.

आता बेळगाव, गोव्याहूनही पार्सलं मागवतात. आम्ही त्यांना स्प्रॉकेटचे दात मोजून फोटो पाठवायला सांगतो. फोटो येतात, चिखलासकट. आधी धुवा, मग मोजा, असं परत कळवावं लागतं.