नको गं, पडशील

दुपारचे तीन, गोव्यातला मोरजीचा किनारा. शेजारी सत्तरीतलं एक पोलिश जोडपं पंपाने पतंग फुगवत होतं. हो, फुगवायचाच पतंग. काइटसर्फिंगचा, म्हणजे पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरत जायचं त्या खेळाचा.

आजोबा कमरेला हार्नेस बांधून पाण्याच्या कडेला. वीसेक मीटर दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला आजी, पतंग उभा धरून. त्यांनी अंगठा वर केला, तिने पतंग सोडला. एक शब्द नाही.

नंतर गप्पा झाल्या. नैऋत्येचा वारा असेपर्यंत श्रीलंकेत कल्पिटियाला, हिवाळ्यात रामेश्वर, मग इथे. वारा नेईल तिकडे बिऱ्हाड! "तुमचा पतंग लहान कसा?" मी आजींना विचारलं. "वजनावर असतं. मला नऊ चौरस मीटरचा पुरतो, त्याला बाराचा लागतो. भात फार खातो."

आई खुदकन हसली. मग साडी जरा वर खोचत म्हणाली, "मी गुडघाभर पाण्यात जाऊन येऊ?"

"नको गं, पडशील." माझ्या तोंडून निघूनच गेलं.

आई त्रेसष्टची. त्या आजींहून आठ वर्षांनी लहान. ती काही बोलली नाही. खोचलेल्या निऱ्या सोडल्या, चपलांमधली वाळू झटकली आणि गाडीकडे चालू लागली.

हे 'नको गं' मी कधीपासून म्हणायला लागलो?