दुसऱ्या भागात तळघरातून धूर निघायला हवा

ऐतिहासिक फँटसी मालिकेचा पहिला भाग आवडायला फारसे कष्ट पडत नाहीत. काळ नवा, जादू नवी, पंधरा वर्षांची नायिका नवी. वाचक नवलाईवरच पुढे सरकतो. दुसऱ्या भागाला ती सवलत नाही. पहिल्या भागाने उधारी करून ठेवलेली असते, थोडी इतिहासाकडून, थोडी जादूकडून, आणि दुसऱ्या भागाला दोन्ही वह्या उघडून बसावं लागतं. मला स्वतःला दुसरा भागच जास्त आवडतो, तो याच हिशेबासाठी.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. अशी मालिका असेल-नसेल, आपण ती कल्पनेतच रचू. लंडन, 1666. नायिका पुस्तकविक्रेत्याची मुलगी, वय पंधरा. तिला आगीची भाषा कळते. पहिला भाग कुठे संपणार हे सांगायला नको: 2 सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर पुडिंग लेनमधल्या बेकरीत आग लागते, कोरडा उन्हाळा आणि पूर्वेचा वारा तिला शहरभर नेतात, चार दिवसांत सुमारे 13,200 घरं आणि 87 चर्च जळतात, सेंट पॉल कॅथेड्रल कोसळतं. शेवटच्या पानावर नायिका राखेत उभी. टाळ्या.

आता दुसरा भाग. कच्चा लेखक इथे काय करतो? याहून मोठी आग लावतो. शहर जळून झालं, म्हणून आता देश जाळू. इथेच पुस्तक हातातून सुटतं, कारण इतिहासात तशी आग नाही आणि वाचकाला ते माहीत असतं. मुरलेला लेखक उलट बाजूने जातो. आग विझल्यावर काय उरलं, ते शोधतो. आणि उरलेलं भरपूर आहे. त्या काळी लंडनमध्ये रोजनिशी लिहिणाऱ्या सॅम्युअल पीप्सने 16 मार्च 1667 च्या नोंदीत लिहून ठेवलंय की गेल्या आठ दिवसांत त्याने काही तळघरांतून धूर निघताना पाहिला. आग लागून तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. आगीशी बोलणाऱ्या मुलीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात याहून चांगली कुठे मिळणार? वर रस्ते मोजले जातायत, विटा येतायत, आणि खाली कुणीतरी अजून जागं आहे.

दुसऱ्या भागासाठी खलनायकही इतिहासच पुरवतो. 1662 पासून इंग्लंडमध्ये चुलींवर कर होता, प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. चुली मोजायला अधिकारी घरात शिरत, आणि लोकांचा सगळ्यात जास्त संताप त्यावरच होता. ज्या मुलीचं गुपित चुलीत दडलंय तिच्या दारात चुली मोजणारा माणूस उभा राहिला, की काळ्या झग्यातल्या जादूगाराची गरज उरत नाही. शिवाय रॉबर्ट ह्यूबर्ट आहे. या फ्रेंच घड्याळजीने आग आपणच लावल्याचा कबुलीजबाब दिला आणि ऑक्टोबर 1666 मध्ये त्याला फाशी झाली. आग लागल्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनमध्ये उतरला होता, हे मागाहून उघड झालं. पहिल्या भागात नायिकेच्या हातून काही चूक झाली असेल, तर दुसऱ्या भागात तिच्या डोक्यावर हा माणूस बसलेला हवा. तो कुठेच दिसत नसेल तर लेखकाने नेमकं अवघड पान उलटलं, असं मी समजते.

जादूच्या वहीकडे वळू. इथे तपासायची गोष्ट एकच, पण बारकाईने: किंमत. समजा पहिल्या भागात ठरलं की मेणबत्ती विझवायला एक दिवसाची आठवण जाते आणि पेटलेलं घर विझवायला एका वर्षाची. मग दुसऱ्या भागात तीच मुलगी अख्खी गल्ली विझवते आणि तिला फक्त ताप येतो, हे चालणार नाही. चलन बदललं. किंमत आठवणींत ठरली असेल तर आठवणींतच वसूल व्हावी, आणि वाचकाला बोटांवर हिशेब करता यावा: पंधरा वर्षांतली चार गेली, अकरा उरली, त्यातली आईची कोणती? ताकद वाढत जाणं हा मालिकांचा जुना आजार आहे. पहिल्या भागात घर, दुसऱ्यात गल्ली, तिसऱ्यात शहर. यावर उपाय दोनच. एक तर किंमत ताकदीहून वेगाने वाढवायची, नाही तर जादू चालेल अशी जागाच कमी करायची.

दुसरा उपाय मला जास्त भावतो, कारण तो इतिहासातून आपोआप येतो. फेब्रुवारी 1667 मध्ये लंडनच्या पुनर्बांधणीचा कायदा झाला. नवी घरं विटांची किंवा दगडाची, मजले रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ठरलेले. खर्चासाठी बंदरात येणाऱ्या कोळशावर कर. म्हणजे आगीशी बोलणाऱ्या मुलीभोवती शहर दिवसागणिक मुकं होत चाललंय, आणि ते लोकांच्या भल्यासाठीच होतंय. तिने कुणाच्या बाजूने उभं राहायचं? दुसऱ्या भागाला लागणारा पेच हा असा. दोन मुलांपैकी कोण आवडतो, हा पेच त्यापुढे फार किरकोळ. (प्रेमाचा त्रिकोण दुसऱ्या भागातच का उगवतो, याचं साधं उत्तर म्हणजे लेखकाकडे मधली दीडशे पानं रिकामी असतात.)

तारखांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या प्रकारात सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच. त्या काळी इंग्लंड जुन्या ज्युलियन पंचांगावर चालत होतं, तर अ‍ॅमस्टरडॅम 1583 पासून नव्या ग्रेगोरियनवर. फरक दहा दिवसांचा. आपली नायिका लंडनहून 5 तारखेला निघाली आणि प्रवासाला तीन दिवस लागले, तर अ‍ॅमस्टरडॅममध्ये ती 18 तारखेला पोचते. परतताना 20 ला निघून तीन दिवसांत लंडनला आली, तर तिथे 13 तारीख असते. निघण्याच्या आधीच पोचली! लेखकाला हे माहीत असेल तर एका पत्राच्या तारखेवर तो अख्खा कट उभा करू शकतो. माहीत नसेल तर दोन्ही शहरांत एकच तारीख चालते आणि जाणकार वाचक खुर्चीत चुळबुळतो. शिवाय 1665 ते 1667 इंग्लंड आणि डच यांचं युद्ध चालू होतं. त्यामुळे नायिका सरळ जहाजात बसून निघाली आणि कुणी हटकलंही नाही, हेही पटत नाही.

दुसरा सापळा वर्षाचा. इंग्लंडमध्ये कायद्याचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं आणि हे 1752 पर्यंत चाललं. त्यामुळे तेव्हाच्या कागदावर ‘10 फेब्रुवारी 1666’ असेल तर आपल्या हिशेबाने ते 1667. वर सांगितलेला पुनर्बांधणीचा कायदा म्हणूनच 1666 चा म्हणून ओळखला जातो. कथेत नायिकेला एक जुना दस्त सापडतो, त्यावर फेब्रुवारी 1666 आणि मजकूर आगीनंतरचा. गोंधळलेला वाचक म्हणणार, चूक आहे. चूक नसते. दुसऱ्या भागात अशी तारीख दिसली तर लेखकाला शिव्या घालण्याआधी महिना बघा. जानेवारी, फेब्रुवारी किंवा 24 मार्चपर्यंतचा दिवस असेल तर एक वर्ष मिळवून पाहा.

नायिकेच्या वयाचंही असंच. उमेदवारीचा, म्हणजे मालकाकडे राहून धंदा शिकण्याचा, करार निदान सात वर्षांचा असायचा आणि त्या काळात मालकाच्या परवानगीशिवाय लग्न नाही, धंदा नाही. मुली उमेदवारीवर कमी असत, पण असत. पहिल्या भागात जी मुलगी मालकाकडे करारावर आहे ती दुसऱ्या भागात सोळाव्या वर्षी मोकळी हिंडत असेल, तर करार कुठे गेला हे पुस्तकाने सांगायला हवं. मालक मेला, दुकान जळलं, करार दुसऱ्याच्या नावावर गेला, काहीही चालेल. नुसतं विसरून जाणं चालणार नाही. घरभाड्याचीही तीच गत. घर जळलं तरी भाडं आणि दुरुस्तीची जबाबदारी कराराप्रमाणे भाडेकरूच्याच गळ्यात, म्हणून 1667 मध्ये या तंट्यांसाठी खास न्यायालय बसवावं लागलं. कोर्टातली दोन प्रकरणं रटाळ वाटतील अशी भीती लेखकांना वाटते. मला उलट वाटतं. जिचं घर तिच्याच चुकीने जळलं, तिने त्या घराच्या भाड्यासाठी न्यायाधीशापुढे उभं राहून शपथेवर काय सांगायचं? या प्रसंगाला तलवारबाजी लागत नाही.

आता वाचणाऱ्याने काय करावं. दुसरा भाग हातात आला की पहिला पूर्ण पुन्हा वाचायचा हट्ट बहुतेकांचा मोडतो. चारशे पानांच्या त्या डोंगराखाली नवं पुस्तकही पडून राहतं. त्यापेक्षा पहिल्या भागाची शेवटची तीन प्रकरणं वाचा. मग जादूचा नियम जिथे पहिल्यांदा सांगितलाय ते प्रकरण. ते साधारण पहिल्या पाव भागात सापडतं. आणि नायिकेने कुणाला काय वचन दिलं होतं तेवढं शोधा. दीड-दोन तासांचं काम. लेखकाची टीप बहुधा शेवटी असते आणि तीत खरं काय, रचलेलं काय हे सांगितलेलं असतं. ती आधी वाचू नका. कोण मरतं हे तिथे सहज फुटतं. ऑडिओबुक ऐकणार असाल तर नकाशा आणि वंशावळ समोर येत नाही, तेव्हा नावांची एक चिठ्ठी जवळ असू द्या.

पहिली पन्नास पानं वाचून पुस्तकाचा अंदाज येतो. मागची गोष्ट कशी आठवून दिली जाते, तिकडे लक्ष ठेवा. ‘तुला माहीतच आहे, आपलं दुकान सप्टेंबरात जळलं’ असं एक पात्र दुसऱ्याला सांगत असेल तर धोक्याची खूण, कारण ज्याला माहीत आहे त्याला कुणी सांगत नाही. तेच काम एका वस्तूने होतं. सेंट पॉलच्या आवारातल्या पुस्तकविक्रेत्यांनी आपला माल कॅथेड्रलच्या तळघरात सुरक्षित म्हणून ठेवला होता आणि तो सगळा जळाला. नायिकेच्या बापाच्या खिशात कडा जळालेलं एकच पान आहे आणि तो ते कुणाला दाखवत नाही, एवढं लिहिलं की पहिला भाग न वाचलेल्यालाही दुकान दिसतं.

मधल्या भागाचं दुखणं ओळखायची माझी एक कसोटी आहे. पुस्तक मिटल्यावर एका वाक्यात विचारा: या भागाने असं काय बदललं जे आता परत जागेवर येणार नाही? उत्तर ‘ते दोघे वेगळे झाले आणि पुन्हा भेटले’ असेल, तर तीनशे पानं जागच्या जागी पावलं टाकली गेली. उत्तर ‘तिने विटांच्या बाजूने कौल दिला, आणि तळघरातला शेवटचा निखारा स्वतः विझवला, बापाचा चेहरा विसरून’ असं असेल, तर तिसऱ्या भागाची वाट पाहायला हरकत नाही. शेवट टांगता ठेवला तरी चालतो. जून 1667 मध्ये डच आरमार मेडवे नदीत शिरलं, वाट अडवायला पात्रात आडवी बांधलेली साखळी तोडली, जहाजं जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे मानाचं जहाज ओढून घेऊन गेलं. नायिका जादू गमावून बसलीय आणि नदीकडून धूर दिसतोय, इथे पडदा पडला तर ते फसवणं नाही. तारीख आधीपासून पंचांगात होतीच.

तिसरा भाग यायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि तोवर सगळं विरून जातं. म्हणून पुस्तक कपाटात ठेवण्याआधी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पाच ओळी लिहा: कथा कोणत्या महिन्यात थांबली, कोण कुठे आहे, कुणाच्या हातात काय आहे, गुपित किती जणांना कळलं, आणि किंमत किती फेडून झाली, किती बाकी. महिन्यापुढे जुनं पंचांग की नवं, तेही लिहा.