आमची वाटचाल: मऊ सोलपासून पक्क्या टाचेपर्यंत

धक्का शोषायचा तर मिडसोल, म्हणजे तळातला मधला फोमचा थर, मऊ हवा, या समजुतीवर आमच्या धावण्याच्या बुटांचे पहिले नमुने बेतले होते. धावताना पावलावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. अंगठ्याने दाबून छान मऊ लागणारा ईव्हीए (एक हलकं प्लास्टिक) फोम एवढ्या भाराखाली पार बसतो, आणि मग टाचेखाली जणू दगडच उरतो. ८.५ किलोचं वजन ५० मिलिमीटरवरून टाचेवर सोडून पाहिलं, तेव्हा मऊ फोमच्या धक्क्याचा आलेख शेवटी एकदम वर उसळला. जरा कडक फोमचा गोलाईने चढला. हाताने दाबून फोम निवडणं आम्ही तिथेच थांबवलं.

तरीही वापरून परत आलेल्या जोडांत आतली गादी टाचेच्या मधोमध न दबता एका काठाला दबलेली असायची. पाऊल बुटात सरकत होतं. चांगला फोम होता, पण टाच त्यावर पडतच नव्हती! तिथून सगळं लक्ष अप्परकडे, म्हणजे पाऊल धरणाऱ्या बुटाच्या वरच्या भागाकडे वळलं.

अर्ध्या नंबरचा फरक जेमतेम ४.२ मिलिमीटर लांबीचा. लांब पल्ल्यात पाऊल फुगतं ते रुंदीला आणि उंचीलाही, म्हणून माप बदलण्याची सोय घेरात हवी. नाडीची भोकं अप्परच्या कापडावर पाडली की आवळताना कापडच ताणतं. आम्ही मिडसोलच्या कडेपासून न ताणणाऱ्या पट्ट्या वर आणल्या आणि त्यांच्या फाशांतून नाडी ओवली. आवळलं की सोलच पावलाला वरपर्यंत कवेत घेतो. नाडीऐवजी फिरवून तार आवळणारा डायल बसवला तेव्हा वेगळी अडचण आली. तार एकच असल्याने चवड्याला सैल आणि घोट्याजवळ घट्ट, असं करता येईना. आता चवड्याला साधी नाडी आणि घोट्याजवळ डायल असतो. बारीक तार पावलावर रुतते, तेव्हा बुटाच्या जिभेचं (नाडीखालच्या पट्टीचं) पॅडिंग तिथे जाड ठेवावंच लागतं.

सोल उकलण्याचं कारण बहुतेक वेळा गोंद नसून साच्यातून फोम सुटावा म्हणून मारलेला निसरडा थर असतो. धुणं, पूर्ण वाळवणं, प्रायमर, मगच गोंद. आणि गोंद तापवायची भट्टी जास्त तापली तर फोम आक्रसतो.

परत आलेला जोड आम्ही सपाट टेबलावर ठेवून मागून पाहतो. मिडसोलवर न उलगडणाऱ्या आडव्या सुरकुत्या दिसल्या किंवा टाच एका बाजूला कललेली असली, तर आऊटसोल (जमिनीला टेकणारा तळ) शाबूत असूनही तो जोड धावण्यासाठी संपला.