हिरव्यात आहे की, बाई!

नवी मुंबईत दिघ्याला डोंगराच्या कडेच्या वस्तीत माझी अंगणवाडी. खाली ठाणे-बेलापूर रस्ता, वर रेल्वेचं ब्रिटिशांच्या काळातलं धरण, आणि मध्ये एकमेकांना टेकलेली घरं. मराठवाड्यातली माणसं बरीच. पुरुष एमआयडीसीत ठेकेदाराकडे, बायका ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी, पोळ्या करायला.

२५ मार्च २०२० पासून अंगणवाडीला कुलूप लागलं, आम्हाला मात्र नाही. ताप-खोकल्याचा सर्व्हे करायचा, घरोघरी कोरडा शिधा पोचवायचा. ज्या बायकांनी माझ्याकडे पोरं सोपवली होती, त्याच मला बघून दार लोटून घ्यायच्या. 'कोरोनावाली आली' असं एक पोरगं ओरडलं होतं. माझ्याच बालवाडीतलं! वाईट वाटलं, पण रोज पन्नास दारं वाजवून आलेल्या बाईला मीही घरात घेतलं नसतं.

मी सांगतेय तो दिवस जुलैच्या सुरुवातीचा. नवी मुंबईत पुन्हा लॉकडाऊन लागला होता, पाऊस लागून राहिला होता. वजनकाटा मार्चपासून बंद, कारण पोराला काट्यात बसवायचं म्हणजे हात लावायचा. म्हणून मी दंड मोजायची टेप घेऊन फिरायचे. टेप साधीच. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती बांधायची आणि टेपवरच्या खिडकीतून रंग बघायचा. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत लाल, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. त्याच्या पुढे सगळं हिरवं. मी टेप आईच्या हातात द्यायचे आणि उंबऱ्याबाहेरून बघायचे.

एका घरात धाकटा चौदा महिन्यांचा. मास्क लावलेल्या मला बघून त्यानं भोकाड पसरलं. त्याला दाखवायला म्हणून त्याच्या आईनं टेप आधी स्वतःच्याच दंडाला गुंडाळली. "बघ, आईला बांधलं. कुठं दुखतंय?" मग माझ्याकडे बघून हसली, "हिरव्यात आहे की, बाई!"

मी आकडा वाचला. १९.४.

टेपला काय कळणार दंड कोणाचा ते. साडेबाराच्या पुढे तिला सगळंच हिरवं. आम्ही गरोदर बाईचा दंड २३ सेंटीमीटरच्या आत आला की काळजी करतो. ही तर गरोदरही नव्हती. मुलाचा दंड १२.९ भरला. तोही हिरव्यात, म्हणजे माझ्या रजिस्टरपुरतं ते घर ठीक होतं. मूल सहा महिन्यांचं झालं की स्तनदा माता म्हणून आईला मिळणारा आहार थांबतो आणि मुलाचा सुरू होतो. ती त्याला अजून अंगावर पाजत होती. पण तिच्यासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता.

मी उंबऱ्यावरच टेकले. मदतनीस म्हणाली, "बाई, अजून चौदा घरं आहेत." म्हटलं, राहू दे.

"काय खाता?" असं विचारलं की आमच्या वस्तीत उत्तर एकच, "खातो की, भात-डाळ." म्हणून मी तसं विचारत नाही. काल चूल किती वेळा पेटली, शेवटचं अंडं कधी आणलं, दूध कोणाच्या चहात पडतं, असं विचारते. चूल दोनदा. अंडं आठवत नाही. दूध फक्त धाकट्याला, पाणी घालून. मार्चमध्ये कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा उठली आणि चिकन मातीमोल भावानं विकलं जात होतं, तेव्हाही यांनी भीतीनं आणलं नाही. पुढे भाव चढला तेव्हा भीती गेली होती, पैसेही गेले होते. मे महिन्यात वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद राहिली तेव्हा वस्तीत भाजीची गाडीच आली नाही. कांदा-बटाट्यावर दिवस काढले.

तांदूळ होता. कार्ड केशरी, त्यावर गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोनं मिळाला होता. गहू दळायला गिरणीवाल्याला पैसे द्यावे लागतात, म्हणून तो पिंपात तसाच. आमच्या शिध्यातल्या चण्यांच्या पिशवीची तर गाठही सुटली नव्हती. का? "गॅस किती लागतो, बाई, चण्याला. सिलिंडर संपला तर भातपण नाही." सकस आहाराची भाषणं मी इतकी वर्षं दिली, पण त्यात गॅसचा हिशेब कधी धरला नव्हता.

मग ती बोलत गेली आणि मला हळूहळू चित्र दिसायला लागलं. घरात पाच माणसं. लॉकडाऊनच्या आधी नवरा दुपारचं कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायचा. थोरली मुलगी शाळेत खिचडी खायची. पहिली ते पाचवीच्या पोराला शाळेच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. हिला ऐरोलीत एका घरी चहा-चपाती, दुसऱ्या घरी उरलेली भाजी, सणाला गोडधोड. म्हणजे पाचातली तीन माणसं रोज एकदा तरी बाहेर जेवायची, आणि ते घराच्या खर्चात कधी धरलंच नव्हतं. एका आठवड्यात कँटीन, शाळा, मालकिणीचा ओटा सगळं बंद झालं आणि ती सगळी तोंडं एका पातेल्याभोवती आली. पगारही गेला. नवऱ्याला जूनपासून महिन्यात दहाएक दिवस बोलवायला लागले होते, कँटीन बंदच. पगार बुडाला हे सगळ्यांनी मोजलं, हे बाहेरचं जेवण बुडाल्याचं मीसुद्धा त्या दिवसापर्यंत मोजलं नव्हतं.

आणि वाढणारी तीच. आधी नवरा, मग पोरं, मग सासू, शेवटी ती. पातेल्यात उरेल ते तिचं. "मला भूकच लागत नाही, बाई. कोरा चहा घेतला की भागतं." दिवसातून पाच-सहा वेळा. भूक मारायला चहासारखं स्वस्त दुसरं काही नाही, आणि जेवणातलं लोह अंगी लागू नये यासाठीही त्याच्याइतकं सोपं काही नाही.

दोन दिवसांनी आशाताईबरोबर तिला नागरी आरोग्य केंद्रात नेलं. तिथं तापाच्या रांगा, हिमोग्लोबिन तपासायला कोणाला वेळ नव्हता, तरी सिस्टरनं केलं. साडेसात. सिस्टर तिला म्हणाली, "चालत आलीस? वर डोंगरावरून?" लोहाच्या गोळ्या दिल्या. मी दोनदा बजावलं, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू-पाण्याबरोबर घ्यायच्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. ती पाहणी आपल्याकडे २०१९ मध्ये झाली, कोरोना यायच्या आधी. तेव्हा कँटीनही चालू होती आणि शाळाही.

खरं काम सासूनं केलं. मी तिच्याशी जरा धसमुसळेपणानंच बोलले. "मावशी, सून पडली तर पोरांचं कोण करणार? तुम्ही?" म्हातारी रागावली. "आमच्यात बायामाणसं मागूनच जेवतात, आम्ही काय मेलो का?" मी गप्प बसले. चार दिवसांनी गेले तर म्हणाली, "आता मीच वाढते. तिचं ताट आधी काढून झाकून ठेवते." चण्यांवरही तोडगा तिचाच. रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मागच्या दारी तीन विटांच्या चुलीवर ओलीसुकी लाकडं घालून शिजवायचे. धूर व्हायचा, शेजारी भांडायचे. पावसानं डोंगरावर टाकळा उगवला होता, तो तिनं लांबूनच ओळखला. "हा तर आमच्याकडचा तरोटा!" इतकी वर्षं इथं राहून ती कधी वर चढली नव्हती. मग ओच्यात भरून आणायला लागली, दोन जुड्या मलाही दिल्या. कोवळी पानं, लसूण आणि चणे घालून. मला कडवट लागला, पण छान लागला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक घरात पोरानंतर आईचाही दंड बघायला लागले. सांगितलं कोणी नव्हतं, नोंदवायला जागाही नव्हती. रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकडे लिहायचे. १९.४ च्या खाली २०.१, २२.६, १८.९... १८.९ वाली बाई सहा जणांचं करत होती आणि तिचं पोरगंही हिरव्यात होतं. मुख्यसेविका मॅडमनी एकदा ते पान बघितलं, हे काय म्हणून विचारलं. सांगितल्यावर काही बोलल्या नाहीत. रजिस्टर परत केलं आणि जाताना स्वतःच्या दंडाला टेप लावून बघितली.

सोसायटीनं बायकांना आत घ्यायला पुढे दिवाळी आली. मास्क, गेटवर तापमान, लिफ्ट वापरायची नाही अशा अटी होत्या. ती अंगणवाडीच्या दाराशी मुद्दाम सांगायला आली.

"बाई, लागले परत कामाला. तिथं चहा-चपाती मिळते पुन्हा. दोन चपात्या."

पगार किती ठरला ते तिनं नंतर सांगितलं, मी विचारल्यावर.