सिल्फ्रातली कानटोपी

तारकर्लीला पहिल्यांदा डाइव्ह केली तेव्हा पाण्यातून बाहेर यावंसं वाटत नव्हतं. आइसलँडच्या सिल्फ्रात आत जावंसं वाटेना. बाहेर उणे ३, त्यात वारा. निघताना आईने फोनवर बजावलं होतं, "अगं, कानटोपी तरी घाल!"

सिल्फ्रा ही थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानातली पाण्याने भरलेली भेग. उत्तर अमेरिका आणि युरेशियाचे भूपट्ट इथे वर्षाला साधारण २ सेंटिमीटर दूर सरकतात. लांगयोकुल हिमनदीचं पाणी लाव्हातून वर्षानुवर्षं गाळलं जात इथे पोचतं. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, आणि तापमान बारा महिने २ ते ४ अंश.

इथे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा अंगभर पोशाख, लागतोच; त्याचं प्रशिक्षण मी आधी घेतलं होतं. माझा समज होता की ऊब सूट देतो. तसं नाही. सूट फक्त पाणी अडवतो. ऊब देते ती आतल्या कपड्यांत अडकलेली हवा, आपल्या गोधडीसारखी. म्हणून आत लोकर आणि फ्लीस. सुती काही नको, घामाने ओलं झालं की ते गार पडतं. खोल जाताना दाबाने ही हवा आकसते आणि सूट अंगाला चिमटे काढतो. मग छातीवरचं बटण दाबून टाकीतली थोडी हवा आत घ्यायची, वर येताना दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची. गळ्याशी रबराची पट्टी इतकी घट्ट की गिळतानाही जाणवत होती. वरून निओप्रीनचं (फोमसारख्या रबराचं) हुड, म्हणजे आईची कानटोपीच.

लोखंडी पायऱ्या उतरून तोंड पाण्यात घातलं आणि कपाळात कळ गेली, बर्फाचा गोळा घाईने खाल्ल्यावर जाते तशी. मिनिटभरात ओठ बधिर. पुढे मात्र थंडी विसरले. मासा जवळजवळ नाहीच. नुसते निळे कडे, आणि माझ्याच बुडबुड्यांच्या सावल्या खाली दगडांवरून सरकताना दिसत होत्या.

चूक एकच झाली. हातमोजे ओलेच असतात. आत शिरलेलं पाणी हाताच्या उबेने जरा कोमट होतं. मी मास्क सारखा करताना मनगटाशी मोजा ओढला, ते पाणी गेलं आणि ताजं आलं. शेवटची दहा मिनिटं डाव्या हाताची बोटं माझी नव्हतीच.

बाहेर आल्यावर झिप गाइडनेच उघडली. गरम चॉकलेटचा कप हातात दिला, पण तो किती गरम आहे हे बोटांना कळेचना. जिभेला लगेच कळलं.