कावळा की कागे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवा लग्नात तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन जे विचारलंत, ते आमच्या बेळगावजवळच्या खानापुरात मी बऱ्याच जणींकडून ऐकलंय. "घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, टीव्हीवर हिंदी. पोर बोलत नाही ते गोंधळलं म्हणूनच असेल, वर्षभर वाट बघू का?"

नको. मीही याच कारणावर आठ महिने घालवले. भाषा जास्त कानावर पडल्या म्हणून ऑटिझम होत नाही. माझ्या जावेची मुलगी याच घरात, याच टीव्हीसमोर वाढली. ती तिन्ही भाषांत भांडते.

धाकटा दोन वर्षांचा असताना बालरोगतज्ज्ञांनी एम-चॅटचा, म्हणजे ऑटिझमची शंका चाळून बघणाऱ्या प्रश्नांचा, कागद दिला. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्न. मी भराभर 'हो' करत सुटले. बोट करून काही दाखवतो का? एकदा चांदोबा दाखवला होता, हो. हाक मारली की बघतो का? "बघतो की," सासूबाई म्हणाल्या. चौथ्या हाकेला, हे आम्ही दोघीही बोललो नाही. मग तिथल्या बाईंनी समजावलं की एक-दोनदाच केलं असेल आणि एरवी करत नसेल, तर 'नाही' धरायचं. पुन्हा भरला. काळजीचे गुण ६ आले. ३ ते ७ आले की तेच प्रश्न खोदून, उदाहरणं मागून विचारतात. ८ किंवा जास्त असले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. आमचे खोदूनही कमी झाले नाहीत.

एवढ्यावर ऑटिझम ठरत नाही, बरं का. ही नुसती चाळणी. वर राहिलेल्यांत उशिरा बोलणारी, कमी ऐकू येणारी मुलंही असतात. म्हणून आधी कानाची बेरा तपासणी. कुकरची शिट्टी झाली की हा कान झाकायचा, मग ऐकू येतंय की, असं माझं म्हणणं. तरी करावीच लागते.

मूल्यमापन धारवाडला झालं. मॅडमनी चित्र दाखवून कन्नडमध्ये कागे कुठंय विचारलं. मी लगेच म्हटलं, त्याला कावळा म्हणा. त्यांनी कावळा म्हटलं. त्यानं बघितलंच नाही. तुम्हीही घरची भाषा आधीच सांगा, नाहीतर मूल चुकलं की भाषा चुकली ते कळत नाही.

पण माझा भाषेचा हट्ट मोडला तो साबणाच्या फुग्यांनी. मॅडमनी चार फुगे उडवले, बाटली घट्ट बंद केली आणि गप्प बसल्या. यानं त्यांचा हात धरला आणि झाकणावर नेऊन ठेवला, चिमटा वापरावा तसा. तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. घरी बिस्किटाच्या डब्यावर तो माझा हात असाच ठेवायचा, आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, किती हुशार बघा. त्या खोलीत कुठल्याच भाषेतला एक शब्द लागला नव्हता.

एका नातेवाइकांनी सुचवलं, आता घरात फक्त इंग्लिश बोला. मॅडम म्हणाल्या, रागावताना आणि लाडात जी भाषा तोंडात येते तीच बोला. मराठीच ठेवली.

जाताना तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणात मिळालेलं आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, न्या आणि मोबाइलवर तो एकटा खेळतानाचे दोन-तीन व्हिडिओ न्या. खोलीत मुलं वेगळीच वागतात. दिवसभर सांभाळणारी आजी असेल तर तिलाही न्या. खरी माहिती तिच्याकडेच असते, फक्त 'बघतो की'च्या पुढं तिला बोलतं करावं लागतं.

आणि बेराला मूल झोपलेलं लागतं. आम्ही याला पहाटे चारला उठवून जागं ठेवलं, तर तो लोंढा गाव यायच्या आधीच गाडीत गाढ झोपला आणि दवाखान्याच्या दारात टवटवीत जागा झाला. सगळा दिवस फुकट. तुम्ही गाडीत त्याला झोपू देऊ नका.